पाऊण इंचाचं भोक

गेल्या दिवाळीपासून बाबांच्या बुलेटला टिकटिक लागली होती. गाडी १९८७ची, ३५०, गिअर उजव्या पायात, ब्लॉक ओतीव लोखंडाचा. अशा गाडीला आवाज असतातच. टॅपेटचा एक, चेनचा एक आणि कुठून येतो ते कुणालाच न कळणारा एक. पण हा नवा होता. सिग्नलला थांबलं की बारीक, कोरडा, दुहेरी ठोका. पिस्टन ढिला असेल तर इंजिन तापल्यावर आवाज कमी होतो, कारण पिस्टन फुगून ब्लॉकमध्ये नीट बसतो. हा ठोका तापल्यावर उलट जास्त स्पष्ट यायचा. म्हणजे संशय पिस्टन पिनवर, आणि ती पिन ज्यात हलते त्या बुशवर, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या वरच्या टोकातल्या ब्राँझच्या बारक्या नळीवर.

हा बुश दोनच वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदलून घेतला होता. एका रविवारी टाकी, हेड, ब्लॉक असं एकेक उतरवलं, चेंबरच्या, म्हणजे खालच्या क्रँककेसच्या, तोंडात जुनं धोतर कोंबलं (पिन अडवून धरणारी सर्क्लिप आत पडली तर पुढचा महिना गेलाच), पिस्टनला गरम पाण्याच्या फडक्याने शेकलं आणि पिन बाहेर काढली. पिनच्या बरोबर मधोमध एक चकचकीत पट्टा, दोन्ही बाजूंना कोरी. बुशमध्ये टॉर्च मारली तर आतून उभ्या-आडव्या बारीक ओरखड्यांची जाळी. रीमर, म्हणजे भोक आतून नेमक्या मापाचं आणि गोल कापणारं हत्यार, लागलाच नव्हता. लाकडी दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून पिन आत जाईपर्यंत घासलं होतं. असं घासलं की दोन्ही तोंडं मोठी होतात आणि मध्ये पोट राहतं, पिन त्या पोटावर टेकून डुलत राहते. झिजायला दोन वर्षं लागली हेच नवल.

चिडचिड झाली. पण खरं सांगायचं तर हे काम आपणच करायचं ही खुमखुमी जुनीच होती, निमित्त आयतं मिळालं. मी बँकेत नोकरी करतो. घरामागे आठ बाय दहाची पत्र्याची खोली आहे, तिच्यात एक वाईस, एक बेंच ग्राइंडर, जुन्या बाजारातून जमवलेली कानस-पोगर मंडळी आणि एक मितुतोयो कंपनीचा, बारीक मापं घेणारा मायक्रोमीटर, जो बायकोच्या मते तिच्या बांगड्यांपेक्षा जास्त जपला जातो. लेथ नाही. कोल्हापुरात राहणाऱ्याला लेथची गरजही नाही, सायकलवर दहा मिनिटांत शिवाजी उद्यमनगर, तिथे गल्लीगणिक लेथ. बुश बदलायला पूर्ण इंजिन उतरवायचं, चेंबर फोडायचं, क्रँक प्रेसवर न्यायची, हे टाळायचं होतं. रॉड इंजिनात उभा असतानाच जुना बुश ओढून काढायचा, नवा ओढून बसवायचा आणि तिथेच रीमर मारायचा, असं ठरवलं.

काढणं-घालणं सोपं गेलं. दहा मिमीचा लांब बोल्ट, एका बाजूला बुशच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान चकती, दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल एवढा पाईपचा तुकडा, आणि नट आवळत जायचं. हातोडा मारायचा नाही, कारण रॉडवरचा प्रत्येक ठोका खाली क्रँकपिनवर जातो. नवा फॉस्फर ब्राँझचा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला होता, मटाराच्या पिशवीशेजारी. एवढ्याशा मापाचा बुश त्या थंडीत जेमतेम दोन शतांश मिलिमीटर आकसतो, पण घुसताना तेवढ्यानेही फरक पडतो. वरच्या तेलाच्या भोकाची रेष रॉडवरच्या भोकाशी आधी मार्करने जुळवून ठेवली होती. बुश बसल्यावर ते भोक हँडड्रिलने आरपार केलं आणि आतली धार चाकूने मोडली. ही धार तशीच राहिली तर रीमरचं पातं दर फेरीला तिथे अडखळतं.

बसवण्याआधी बुशचं आतलं माप १८.९५ मिमी होतं, बसवल्यावर १८.९०. पातळ भिंतीचा बुश घट्ट बसला की आतून आवळतोच, म्हणून तो आतून आधीच लहान बनवलेला असतो. नवी पिन पाऊण इंची, माझ्या मायक्रोमीटरवर १९.०५०. पिन तेलावर तरंगायला दहा ते पंधरा मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोकळीक हवी, म्हणजे भोक १९.०६ ते १९.०६५. सगळा खेळ सोळा शतांशांचा.

माझ्याकडे सहा पात्यांचा ॲडजस्टेबल रीमर होता. यात पाती उतरत्या खाचांमध्ये बसलेली असतात, पुढचा-मागचा नट फिरवला की ती खाचेत चढतात आणि माप वाढतं. सोय मोठी, पण हत्यार चंचल. रीमरला टॅप हँडल लावलं, चेंबरच्या तोंडावर दोन लाकडी पाचरी ठोकून रॉड उभा धरला, रॉकेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडलं आणि सुरुवात केली. उलटं फिरवायचं नाही एवढं माहीत होतं. उलटं फिरवलं की अडकलेला कीस पात्याच्या पाठीमागे घुसतो आणि धार बसते. बाहेर काढतानाही सुलटंच फिरवत ओढायचा.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या लोण्यासारख्या गेल्या, पिवळसर कीस बाहेर येत होता. मग हातात थरथर जाणवायला लागली. मी जोर वाढवला. तिथेच चुकलो, पण त्या वेळी वाटलं, कापतोय तर कापू दे. टेलिस्कोपिक गेज (भोकात समोरासमोर टेकणारं दोन टोकांचं मापक) आत घालून माप घेतलं, १९.०६. नव्वद अंशांत फिरवून घेतलं, १९.०६. तिरकं घेतलं, तेवढंच. झालं काम, म्हणून पिन हातात घेतली.

पिन आत जाईना.

पुन्हा मोजलं. पिन १९.०५, भोक १९.०६, आणि पिन तोंडाशीच अडकून बसलेली. रात्रीचे साडेअकरा. पाऊण इंची सिल्व्हर स्टीलच्या सळईला प्रशियन ब्ल्यूचा (जिथे टेकेल तिथे डाग पाडणारा निळा रंग) पातळ हात देऊन ती तोंडाशी हलकी दाबून फिरवली आणि टॉर्चमध्ये पाहिलं. बुशच्या आत पाच निळ्या रेघा, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. मधला भाग कोरा.

कळेना, तरी हट्टाने अजून थोडं कापलं, पिन शेवटी गेली. मग मनात आलं, निदान सरळ तरी आहे का बघू. सळई बुशमधून आरपार घातली, दोन सारख्या उंचीचे ठोकळे दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून १५० मिमी अंतरावर, चेंबरच्या तोंडाशी ठेवले आणि क्रँक हळूच फिरवून सळई त्यांच्यावर टेकवली. डाव्या ठोकळ्यावर टेकली. उजवीकडे तीस शतांशांचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आरामात गेला. बुशची लांबी साधारण पंचवीस मिमी. तेवढ्या लांबीत पन्नास मायक्रॉन तिरकं गेलं की १५० मिमीवर ते बरोबर तीस शतांश दिसतं. पिस्टन त्या तिरक्या पिनवर बसला असता तर ब्लॉकच्या एका भिंतीला कायम घासत राहिला असता. मागच्या गॅरेजवाल्याचा पॉलिश पेपर मला त्या रात्री बराच सज्जन वाटला.

दुसऱ्या दिवशी बँकेतून सुटल्यावर तो बुश ओढून काढला आणि रुमालात बांधून उद्यमनगरात नेला. तिथे एक टर्नरकाका आहेत, सत्तरीचे असतील. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून याच गल्लीत. माझ्या बाबांना ओळखतात, मला अजूनही 'ब्यांकवाले' म्हणतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बुश उजेडाकडे धरला, नखाने आतून फिरवून पाहिला.

"किती दाबत हुतासा?"

"थोडंच."

"थोडंच," ते म्हणाले आणि हसले.

मग खडूने फरशीवर काढून दाखवलं. सहा पात्यांचा रीमर थरथरला की सहा कोनी भोक पडत नाही, एकाने कमी किंवा एकाने जास्त पडतं, पाच किंवा सात. माझे पाच झाले होते. आणि अशा विषम कोनांच्या भोकाची गंमत अशी की समोरासमोर कुठेही मोजा, माप तेवढंच येतं, कारण एका बाजूला उंचवटा असेल तर बरोबर समोर खळगा असतो. दोन टोकांचं गेज हे कधीच सांगणार नाही. पिन सांगते, तिला एकाच वेळी पाचही उंचवट्यांच्या मधून जायचं असतं. हे मी त्याआधी कुठेच ऐकलं नव्हतं. खडूच्या त्या चित्राचा फोटो अजून मोबाइलमध्ये आहे.

तिरकसपणाचं कारण तर त्यांनी हत्यार न बघताच सांगितलं. बुशच्या भिंतीची जाडी चार ठिकाणी मोजली. एकाच बाजूला एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. "यका अंगानं उभं राहून, यका हातानं फिरवलंय. हँडलचं वजन एका बाजूला लोंबतंय. रीमरला डोळं नसत्यात, ब्यांकवाले. माप कुणीबी आणतंय."

मी विचारलं, मग तुम्हीच मारून द्याल का? तर म्हणाले, इंजिन इथं घेऊन या, देतो. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमाला सोताच करायचंय न्हवं? मग सोय करा की."

सोय म्हणजे गाईड. त्यांनीच सुचवलं आणि बनवूनही दिलं. बारा मिमी जाडीची एम.एस.ची, म्हणजे साध्या पोलादाची पट्टी, दोन्ही बाजूंनी ग्राइंड केलेली, चेंबरच्या तोंडावर ब्लॉकच्या स्टडना धरून आवळता येईल अशी. मध्ये रॉडसाठी भोक, उजवीकडे टॅपेटांसाठी खाच. पट्टी दोन्ही बाजूंना थोडी बाहेर येते, आणि तिच्या दोन टोकांना दोन उभे ठोकळे. त्या ठोकळ्यांतली २५ मिमीची भोकं दोन्ही एकत्र धरून एकाच बांधणीत बोअर केलेली. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण वेगवेगळी बोअर केली असती तर उंचीतला फरक पुन्हा तिरकसपणा होऊन माझ्याच मानेवर बसला असता. ठोकळ्यांमध्ये घालायला वेगवेगळ्या मापांच्या स्लीव्ह. रीमरच्या पुढच्या टोकाला चौदा मिमीचा पायलट (गुळगुळीत दांडा), म्हणजे पुढून डाव्या ठोकळ्याचा आधार, मागून उजव्या ठोकळ्याचा. हात कितीही वाकडा असला तरी रीमरला वाकायला जागाच नाही. शिवाय दोन कोन, शंकूसारख्या आकाराचे, बुशला दोन्ही बाजूंनी दाबून मध्यावर आणायला. सगळ्याचे सातशे रुपये आणि दोन वेळचा चहा. एवढ्यात तर हल्ली पंक्चरसकट सर्व्हिसिंगही होत नाही.

नवा बुश आला, पुन्हा फ्रीजर, पुन्हा मटार. या वेळी घाई नव्हती. पट्टी आवळल्यावर आधी बुशमधून सहज जाईल अशी एक बारीक सळई दोन्ही ठोकळ्यांतून घातली आणि दोन्ही टोकांना चेंबरच्या तोंडापासूनची उंची मोजली. चार शतांशांचा फरक. पट्टीखाली काहीतरी होतं. काढून पाहिलं तर जुन्या गॅस्केटचा नखाएवढा पापुद्रा. खरवडला, पुन्हा आवळली, फरक एक शतांशाच्याही आत. मग सळईवर दोन्ही कोन चढवून बुशच्या तोंडात दाबले, क्रँक किंचित पुढे-मागे करत रॉड आपोआप मध्यावर आला, आणि तिथेच पाचरी ठोकून पक्का केला. या तयारीला पूर्ण शनिवारची दुपार गेली. बायको दारात येऊन बघून गेली. "अजून कापायला सुरुवातच नाही?" म्हणाली.

कापायला लागलो तेव्हा एका खेपेला दहा-पंधरा मायक्रॉन, त्याहून जास्त नाही. नट अष्टमांश फेरीही फिरवत नव्हतो. दर वेळी पाती खाचेत नीट बसावीत म्हणून मागून लाकडाने टिचकी द्यायची, समोरासमोरच्या पात्यांवर मायक्रोमीटर लावायचा, मग रीमर आत. खोबणीत थोडं ग्रीस भरायचं, ही काकांची शिकवण, थरथर दबते आणि कीसही आत सांडत नाही. दोन्ही हात हँडलवर, उभं राहून, जोर पुढे नाही, फक्त गोल. रीमरने स्वतःहून जेवढं ओढून घेतलं तेवढंच जाऊ द्यायचं. फॉस्फर ब्राँझ चिवट असतं. धार बोथट असेल तर ते कापलं जाण्याऐवजी दाबलं जातं आणि मागे पुन्हा आवळतं. म्हणून ज्याने एकदा स्टील कापलंय तो रीमर ब्राँझला लावायचा नाही. काकांकडे दोन वेगळ्या डब्या आहेत, ब्राँझच्या डबीवर पिवळ्या रंगाचा ठिपका.

ऐकायला शिकलो. नीट कापत असेल तर फुस्स असा अखंड आवाज येतो, कापडावरून हात फिरवल्यासारखा. मध्ये खरखर आली की थांबायचं, बाहेर काढायचा, पुसायचा, पुन्हा. तासाभराने हात भरून आले. मग लक्षात आलं की हातात धरून धरून मायक्रोमीटर कोमट झालाय. एवढ्या मापाचं ब्राँझ पंधरा अंशांनी तापलं तर पाच मायक्रॉन फुगतं, आणि माझी एकूण मोकळीक दहा-पंधराची. सगळं टेबलावर ठेवून जेवायला गेलो. रात्री थंड झाल्यावर मोजलं तर १९.०४८.

तिथे ॲडजस्टेबल रीमर बाजूला ठेवला. शेवटच्या शतांशासाठी काकांनी त्यांच्या पिवळ्या ठिपक्याच्या डबीतला पाऊण इंची हँड रीमर उसना दिला होता, डाव्या पिळाचा. पीळ फिरण्याच्या उलट दिशेला असतो म्हणून तो स्क्रूसारखा आत ओढला जात नाही, आणि पाती तेलाच्या भोकावरून तिरकी जातात, म्हणून अडखळत नाहीत. पाऊण इंची रीमर नवा असताना नेमकं पाऊण इंच कापत नाही, एखादा शतांश जास्तच कापतो. तो तसाच घासलेला असतो, म्हणजे त्यातून पाऊण इंची पिन जाते. उजव्या ठोकळ्यात त्याच्या दांड्याच्या मापाची स्लीव्ह घातली आणि रविवारी सकाळी सात वाजता, गल्ली जागी व्हायच्या आत, एकाच दमात तो आरपार न्यायचं ठरवलं.

अर्ध्यावर फोन वाजला. रविवारी सकाळी सातला कोण फोन करतं? दचकून हात थांबला, आणि थांबताना, अगदी किंचित, मागे गेला. पाव इंचभर असेल. काहीतरी कच्च झाल्यासारखं वाटलं, कदाचित भास असेल. फोन वाजून बंद झाला. मी श्वास सोडला आणि पुढे सुलटं फिरवत रीमर डावीकडून बाहेर काढला.

ब्ल्यू लावून सळई घातली. निळाई सगळीकडे एकसारखी, रेघ नाही. आधीच्या त्या दोन सुट्या ठोकळ्यांवर सळई टेकवली, उजवीकडे तीन शतांशांचा गेज अडला, दोनचा गेला. पिन पेट्रोलने पुसून कोरडी आत घातली. अंगठ्याच्या दाबाने सरकते, बोट काढलं की जिथल्या तिथे राहते. मग तेलाचा एक थेंब. पिन बोटाच्या नुसत्या स्पर्शाने, घाईत नसलेल्या माणसासारखी, हळूहळू आत सरकली. मी तिला सात-आठ वेळा उगाचच सरकवली. बायकोला बोलावून दाखवली. तिने नीट पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे आता टाकी बसणार ना? मागच्या दारात चार दिवस पडलीये."

बसली. पिस्टन, रिंगा, ब्लॉक, हेड, बुधवारपर्यंत सगळं जागेवर. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. तिसऱ्या किकला गाडी लागली. सुरुवातीला थंड ब्लॉकमधला नेहमीचा पिस्टनचा आवाज, तो पाच मिनिटांत गेला. दुहेरी ठोका नाही. शनिवारी पन्हाळ्याचा चढ चढवला, वर पोचून आयडलला ठेवून कान लावला. टॅपेट, चेन आणि तो कुणालाच न कळणारा. बाबांना फोन लावून आवाज ऐकवला. ते म्हणाले, टॅपेट जरा ढिलं आहे.

सोमवारी रीमर परत द्यायला गेलो. पुसून, तेल लावून, डबीत घालून. काकांनी डबी उघडली आणि काही न बोलता अंगठ्याचं नख एकेका पात्यावरून फिरवत नेलं. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्यावर नख अडलं. मागे आणून पुन्हा फिरवलं.

"हितं उलटा फिरवलासा," ते म्हणाले.

मी फोनचं सांगितलं. त्यांनी खिशातून ऑइलस्टोनचा तुकडा काढला, रीमर मांडीवर धरला आणि धार काढायला लागले. मला म्हणाले, बसा, चहा सांगा, दोन.